न उच्चारलेला पीळ

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या इंग्रजी क्रियापदाबद्दल बोलणार आहे, ते रेडिओवरून सांगायला जरा अवघडच. शब्द आहे ‘रिंग’. कानाला तो घंटा वाजवण्याच्या ‘रिंग’सारखाच लागतो, पण लिहिताना याच्या सुरुवातीला डब्ल्यू येतो. अर्थ आहे पिळणं.

आज मुका असलेला हा डब्ल्यू एके काळी बोलत असे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद ‘व्रिंगन’ असं होतं. उच्चार गेला, अक्षर राहिलं. सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही, म्हणा ना! आणि हा पीळ एकट्या ‘रिंग’मध्ये नाही. नट पिळून काढायचा पाना म्हणजे ‘रेंच’, वळणारं मनगट म्हणजे ‘रिस्ट’, गुंफलेलं पुष्पचक्र म्हणजे ‘रीद’. सगळ्यांच्या पुढे तोच मुका डब्ल्यू. ‘चूक’ या अर्थाचा ‘राँग’ही याच कुळातला, त्याचा मूळ अर्थ वाकडं. वाकडं ते चुकीचं, हे आपल्यालाही वेगळं सांगावं लागत नाही.

ओला टॉवेल पिळायचा तर ‘रिंग आउट’. भूतकाळी रूप ‘रंग’, ‘रिंग्ड’ नव्हे. कोंबडीची मान मुरगळणं, एखाद्याकडून जबरदस्तीनं कबुली काढणं, यालाही हेच क्रियापद. मात्र लिंबू पिळायला ते चालत नाही, तिथे ‘स्क्वीझ’ हवं. ‘स्क्वीझ’मध्ये नुसता दाब असतो, ‘रिंग’मध्ये पीळ. मराठीत दोन्हीकडे पिळणंच, म्हणून आपली हमखास गफलत होते. तसंच हातांचं. इंग्रजीत हात ‘रिंग’ करणारा माणूस काळजीनं कासावीस झालेला असतो. आपल्याकडे हात चोळत बसणारा, संधी गेली म्हणून हळहळत असतो.

मला सगळ्यात मोह पडतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आपलं ‘पिळणं’ संस्कृतातल्या ‘पीड्’ धातूपासून आलं. त्याचा अर्थ दाबणं. ‘पीडा’ही त्यातूनच आली. म्हणजे इंग्रजी शब्द निघाला पिळापासून, आपला दाबापासून. दोघांचं मूळ निराळं, वाट निराळी. पण दुःखानं आतून कालवाकालव झाली की इंग्रज माणूस हृदयासाठी हेच ‘रिंग’ वापरतो, आणि आपण म्हणतो, काळीज पिळवटून निघालं.