लॅक्स्टन: जिथं शेतकरीच शेताचं कोर्ट चालवतात

मंडळी, आज ज्या गावाबद्दल बोलणारे ते इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये आहे, नाव लॅक्स्टन. गाव अगदी छोटं, एक चर्च, एक पब, जुन्या किल्ल्याचा मातीचा उंचवटा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी विटांची घरं. आता ही घरं नीट बघा, कारण यातली बरीचशी शेतकऱ्यांची आहेत, गोठे-कोठारांसकट, आणि ती सगळी गावातच आहेत. इंग्लंडमध्ये इतर ठिकाणी फार्महाऊस आपापल्या जमिनीच्या मधोमध असतं, इथं तसं नाही, कारण इथल्या शेतकऱ्याची जमीन एका जागी नाहीच.

गावाभोवती तीन मोठी शेतं आहेत, मिल फील्ड, साउथ फील्ड आणि वेस्ट फील्ड, मध्ये कुंपण नाही की हेज, म्हणजे झुडपांची ओळ, नाही. प्रत्येक शेताच्या लांबट पट्ट्या पाडल्यात आणि एकेका शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या, म्हणजे चांगली माती, चिकट माती, पाणथळ कोपरा सगळं थोडं थोडं सगळ्यांच्या वाट्याला येतं. एका वर्षी एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड, आणि पुढच्या वर्षी चक्र एक घर पुढे. पड म्हटलं तरी आता तिथं बहुतेक गवत-चारा घेतात. मध्ययुगात इंग्लंडचा केवढा तरी भाग असाच पिकायचा, मग अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पार्लमेंटनं एकामागून एक कायदे केले, सामाईक शेतं मोडून कुंपणं घातली गेली आणि गरिबाचा गुरं चारायचा हक्कही त्यात गेला. लॅक्स्टन मात्र राहिलं. दोन बड्या जमीनदारांचं, अर्ल मॅन्व्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो यांचं, एकमत होईना म्हणून ते वाचलं असं सांगतात.

१६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदारानं या गावाचा नकाशा काढला, तो आज ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत आहे. त्यात पट्टी न् पट्टी दाखवलीये, दोन हजारांहून जास्त, शिवाय नांगरणारी माणसं आणि जनावरंही चितारलीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्ट्या एकत्र करून मोठ्या केल्या, त्यामुळे आज ट्रॅक्टर सहज फिरतो.

पण मला खरं सांगायचंय ते कोर्टाबद्दल. नोव्हेंबरच्या अखेरीस शेतकऱ्यांची ज्युरी गव्हाच्या शेतात उतरते, चिखल तुडवत पट्टी पट्टी बघते. कुणी बांध कोरलाय का, सामाईक वाटेवर नांगर घातलाय का, मधे राखलेल्या गवताळ घळी, ज्यांना ते साइक्स म्हणतात, त्यात कुणी घुसलंय का, हे बघून खुंट्या ठोकतात. पुढच्या आठवड्यात डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे जुन्या जमीनदारी काळापासून चालत आलेलं गावचं कोर्ट, बसतं, दंड लावतं आणि पुढच्या वर्षीची ज्युरी नेमतं. दंड किरकोळ असतो, पण शेजाऱ्यांसमोर नाव वाचलं जातं! १९७७ च्या कायद्यानं देशभरातल्या अशा जुन्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले, त्यातून लॅक्स्टनला वगळलं. माझ्या मते हे गाव टिकलं ते या कोर्टामुळे. जमीनदारांचं भांडण कधीतरी मिटलंच असतं, पण एकमेकांच्या शेतात उतरून तपासणी करायची सवय लोकांनी मोडली असती तर सामाईक शेत दहा वर्षंही राहिलं नसतं.

मालकी मात्र बदलत गेली. १९५२ मध्ये मॅन्व्हर्स घराण्यानं जमीन शेती मंत्रालयाला विकली, १९८१ मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या नावावरची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली, आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे परत त्याच घराण्याच्या वारसांकडे. साइक्समध्ये रानफुलं इतकी टिकलीत की त्यांना सरकारी संरक्षण आहे आणि तिथल्या गवताचा लिलाव होतो. यात काळजीची गोष्ट एकच, लहान शेतावर आज इंग्लंडमध्ये घर चालवणं फार अवघड झालंय. पट्ट्या कसायला आणि ज्युरीवर बसायला तरुण कुटुंबं गावात राहिली पाहिजेत, त्यांना परवडेल असं भाडं आणि घर मिळालं पाहिजे, आणि ते नव्या मालकांच्याच हातात आहे.