पाठ राखणारं विमान

[दृश्य: मालवणचा किनारा, अंधार पडतोय. घराघरांत दिवे लागतात.]

रात्रीची जेवणं आटोपली की इथल्या काही घरांतून दुसऱ्या महायुद्धातली विमानं आकाशात झेपावतात. कॉम्प्युटर, जॉयस्टिक, कानांवर हेडफोन. वॉर थंडरसारख्या गेममध्ये ही मुलं जगभरातल्या अनोळखी वैमानिकांशी झुंजतात. आणि त्यांच्यातला नेहमीचा वाद असा, की खरा वैमानिक कोण? एकास एक लढतीत जिंकणारा, की तुकडीत उडणारा?

एकास एक लढत, म्हणजे ड्यूएल, देखणी असते. दोन विमानं समोरासमोरून एकमेकांना ओलांडतात आणि गिरक्या सुरू होतात. उंची खर्चून वेग मिळतो, वेग खर्चून उंची. प्रत्येक कडक वळणात मात्र काहीतरी कायमचं हातचं जातं. आपलं विमान किती ताण सोसतं हे ड्यूएलइतकं दुसरं कशातच कळत नाही. नवख्याने आधी इथेच घाम गाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण मोठ्या सामन्यात तिसरा असतो. गिरक्यांत वेग घालवलेलं विमान वरून येणाऱ्या त्या तिसऱ्याला आयतंच सापडतं.

[दृश्य: गेमचा पडदा, कोपऱ्यात पिंगचा आकडा.]

कोकणातून खेळताना अंतरही आडवं येतं. सर्व्हर युरोपात असला, तर निरोप जाऊन उत्तर यायला ०.१५ सेकंदाच्या आसपास वेळ लागतो; हाच तो पिंग. ताशी ६०० किलोमीटर वेगाचं विमान तेवढ्यात २५ मीटर पुढे गेलेलं असतं. गेम हा फरक अंदाजाने भरून काढतो, पण जवळच्या झुंजीत तो अंदाज चुकतो. अशा वेळी हेडफोनमध्ये आलेली साथीदाराची हाक, "पाटीर इलो रे, वळ!", फार मोलाची ठरते.

जोडीने लढण्याचा सर्वांत सुंदर धडा अमेरिकी नौदलाच्या जॉन थॅचचा. १९४१ साली जपानच्या झीरो विमानाची माहिती त्याच्या हाती आली. झीरो हलकं, वळण आखूड. थॅचचं वाइल्डकॅट दणकट, पण जड. गिरक्यांच्या झुंजीत निभाव लागणं कठीण. त्याने घरच्या टेबलावर आगकाड्या मांडून उपाय शोधला. दोन विमानं शेजारी-शेजारी, वळायला पुरेल एवढं अंतर ठेवून उडतात. एकाच्या मागे शत्रू लागला, की दोघंही एकमेकांच्या दिशेने वळतात. पाठलाग करणारा सावजामागे वळतो आणि थेट दुसऱ्याच्या बंदुकांसमोर येतो. ४ जून १९४२ रोजी, मिडवेच्या लढाईत, थॅचने हा डाव प्रत्यक्ष झीरोंविरुद्ध वापरला आणि तो यशस्वी झाला.

गेममध्येही तो चालतो. पण एकाने आमिष व्हायचं आणि दुसऱ्याने समोरचं सावज सोडून वळायचं, इथेच भले भले ड्यूएलवाले अडतात. गुणफलक पाडलेली विमानं ठळकपणे मोजतो. राखलेली पाठ तिथे क्वचितच दिसते.

[दृश्य: विजयदुर्ग, समुद्राच्या बाजूने.]

या किनाऱ्याने असं लढणं पाहिलेलं आहे. आंग्र्यांच्या आरमाराची लहान गलबतं मोठ्या विलायती जहाजाला एकेकटी भिडत नसत. वारा पडला की ती वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना, म्हणजे तोफा असलेल्या मोठ्या जहाजांना, ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, कारण तिथे तोफा कमी. आधी डोलकाठ्या आणि शिडं मोडायची, मग सगळ्यांनी मिळून चढाई. ओढणाऱ्या गलबताने एकही गोळा डागला नसेल, पण त्याच्यावाचून गुराब जागची हललीच नसती.

[दृश्य: पुन्हा पडदा. सामना सुरू.]

आता तुकडीतला सर्वांत तरबेज ड्यूएलवाला मुद्दाम पाठ राखणाऱ्या विमानात आहे. समोर एकटं झीरो दिसतंय, नेमाच्या टप्प्यात. तेवढ्यात साथीदार ओरडतो. ड्यूएलवाला झीरोला सोडतो आणि वळतो.

"थांब, मी इलंय."

मागे लागलेला शत्रू आगीचा लोळ होऊन समुद्रात कोसळतो. पुढच्या फेरीत जोड्या बदलतील आणि आमिष व्हायची पाळी याची असेल.