दहा हजारांच्या आधीची गोष्ट

नमस्कार मंडळी.

आज मी दुसऱ्याच विषयावर बोलणार होते. तयारीही झाली होती. पण गुरुवारी रात्री आमच्या स्वयंपाकघरात जे झालं, त्यानंतर ते कागद घरीच ठेवून आले.

लेक अठ्ठावीस वर्षांची, नोकरी उत्तम. ताटं मांडता मांडता म्हणाली, "आई, मी राजीनामा देतेय. आम्ही तिघी मिळून स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढतोय." वरण गॅसवर होतं. ते तसंच ठेवून मी तिला सुधाताई मूर्तींची गोष्ट सांगायला लागले. साल १९८१, पुणे. नारायण मूर्तींना इन्फोसिस ही कंपनी काढायची होती आणि सुधाताईंनी आपल्या बचतीतले दहा हजार रुपये त्यांच्या हातात ठेवले. सांगायचं हे होतं की बाई, आधी साठव, मग उडी मार.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ही गोष्ट तू दर वेळी दहा हजारांपासूनच सुरू करतेस. त्याच्या आधी त्यांची सॉफ्ट्रॉनिक्स होती, ती बुडाली. माझी बुडाली तर मंडळात काय सांगशील?"

वरण खाली लागलं. मला उत्तर सुचलं नाही.

तिचं खरं आहे. सॉफ्ट्रॉनिक्स ही मूर्तींची पहिली कंपनी, जेमतेम दीड वर्ष चालली. ती बंद करून ते पुण्यात पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये नोकरीला लागले आणि तिथल्याच सहा सहकाऱ्यांना घेऊन पुन्हा उभे राहिले. एकदा हात पोळलेल्या माणसाला सुधाताईंनी पैसे दिले, हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. नवऱ्याच्या उत्पन्नाचा भरवसा नसताना त्यांनी स्वतःची नोकरी चालू ठेवली आणि तिच्यावर घर चाललं. दहा हजार एकदाच द्यायचे होते. हा भार मात्र रोजचा होता.

त्यानंतर तरी लगेच सुगी आली का? टेलिफोन मिळायला वर्ष गेलं. बाहेरून कॉम्प्युटर आणायच्या परवान्यासाठी दिल्लीच्या किती खेपा झाल्या असतील! परदेशात गिऱ्हाइकाकडे जायचं तर परकीय चलनासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी. सातांपैकी एक भागीदार मधल्या काळात बाहेर पडले. १९९० मध्ये दहा लाख डॉलरला कंपनी विकत घ्यायला कोणीतरी तयार झालं, तेव्हा बाकीच्यांना वाटलं, विकून मोकळं व्हावं. नऊ वर्षं झिजल्यावर कोणालाही तसंच वाटेल. मूर्ती म्हणाले, तुम्हाला विकायचं असेल तर तुमचा हिस्सा मी घेतो. तेवढे पैसे त्यांच्याकडे नव्हते. पण ते ऐकून सगळे थांबले. पुढच्याच वर्षी सरकारी धोरण बदललं आणि वाट मोकळी झाली.

पैसा आला कुठून, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे, कारण आपल्यातले कितीतरी जण त्याच कामासाठी सुटकेस घेऊन इथे अमेरिकेत उतरले. गिऱ्हाईक डॉलरमध्ये पैसे देणार, पगार रुपयांत, आणि हळूहळू जास्तीत जास्त काम तिकडे बसून करायचं. अमेरिका झोपलेली असताना बंगळूरला कोड लिहिला जायचा. पण ही कमाई कंपनीची. माणसं श्रीमंत झाली ती हिश्श्यामुळे. भागीदारांनी आपले शेअर वर्षानुवर्षं धरून ठेवले आणि १९९४ पासून कर्मचाऱ्यांनाही शेअर द्यायला सुरुवात केली. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोठं वाटतं ते हेच. नुसत्या पगारातून अशी संपत्ती होत नाही, आणि आपण तीस वर्षं पगारच मोजत बसलो.

१९९३ मध्ये इन्फोसिसचा पब्लिक इश्यू आला, म्हणजे शेअर लोकांना विकायला काढले, ९५ रुपयांना एक. आज कोणाला खरं वाटणार नाही, पण तो पुरता भरलाही नव्हता. मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकन बँकेनं मोठा वाटा उचलला म्हणून निभावलं. तो का भरला नाही, हे मी आमच्या घरात पाहिलंय. बाबांनी फॉर्म आणला होता. दोन दिवस तो टेबलावर पेपरवेटखाली होता. बाबा म्हणाले, "सॉफ्टवेअर म्हणजे हातात काय येणार?" माझं लग्न ठरत होतं, पैसे मुदत ठेवीत गेले. त्या फॉर्मच्या कडेला आईनं महिनाभर दुधाचा हिशेब लिहिला. पाव लिटर जास्त, सही, पाव लिटर जास्त, सही. सहा वर्षांनी, १९९९ मध्ये, तीच कंपनी नॅसडॅक या अमेरिकेतल्या शेअर बाजारात नोंदली गेली. तिथे पोचलेली ती भारतातली पहिलीच कंपनी. बाबांना मी दोष देत नाही. त्यांनी ज्याला सुरक्षित म्हणायचं ते माझ्यासाठीच निवडलं होतं. पण गुरुवारी रात्री माझ्या तोंडून तेच निघत होतं, फक्त मुदत ठेवीच्या जागी विमा आणि घराचं कर्ज होतं.

आता थोडं आपल्याबद्दल, आणि राग मानू नका. आपल्यातल्याच एका मुलाची कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली. त्यानंतरच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तो याच सभागृहात मागच्या रांगेत बसला होता. किती जण त्याच्याजवळ गेलो? त्याच्या आईला मात्र आपण बाजूला घेऊन विचारलं, "मग आता काय करतोय?" मीही विचारलं. ज्यांची कंपनी मोठी झाली त्यांना आपण हार घालून मंचावर बसवतो. दीड वर्षात बुडालेल्यांसाठी आपल्याकडे खुर्ची नाही. आपल्याकडून कोणाला दहा हजार मिळोत न मिळोत, पण त्या मुलाला चहा विचारायला काय लागत होतं?

तो आज आलेला नाही. मी आत येताना मुद्दाम बघितलं.

आणि म्हणून माझ्या लेकीच्या प्रश्नाची मला भीती वाटते. तिला पैसे हवे असते तर मी दिले असते, इतके आहेत. तिनं विचारलंय ते वेगळंच, आणि त्याचं उत्तर एकट्या माझ्या हातात नाही. इथे नोकरी गेली की विमा जातो. तिच्याकडे सुधाताईंसारखं घर चालवणारं कोणी नाही, आम्ही दोघं आहोत आणि आमची निवृत्ती जवळ आलीय. ती पडली, तर दीड वर्षानं तिला सगळ्यांदेखत घेऊन मी याच दारातून आत येईन का? येईन असं आज म्हणतेय खरं. पण माझ्या आईचा तो दुधाचा हिशेब डोळ्यांसमोरून हलत नाही.

सोमवारी सकाळी ती राजीनामा देणार आहे. काल पुन्हा विचारलं तिनं, "मग, काय सांगशील?" मी म्हटलं, आधी शनिवारी मंडळात बोलून येते.