ख्रिसमसनंतरचं हरीण

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे. आज मी शिकारीबद्दल बोलणारे, तीही हरणाच्या, ख्रिसमसनंतरच्या लेट सीझनमधल्या, त्यामुळे ज्यांना ऐकवत नाही त्यांनी तेवढ्यात चहाबिहा करून या, अजिबात राग नाही. आणि आधीच सांगून टाकते, हे सगळं इकडचं, पेनसिल्व्हेनियातलं आहे. भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, तिथे हरणावर बंदूक उचलायचा प्रश्नच नाही आणि ते बरोबरच आहे, इथली गोष्ट मात्र नेमकी उलटी झालीये.

म्हणजे बघा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यात व्हाइटटेल हरणं जवळजवळ संपली होती. जंगल तोडलेलं, शिकारीला धरबंध नाही, लांडगे तर त्याच्याही आधीच गेलेले. मग गेम कमिशनने, म्हणजे राज्याच्या शिकार-वन्यजीव खात्याने, १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली आणि १९०७ मध्ये कायदा झाला की फक्त नर मारायचा, मादीला हात लावायचा नाही. झालं, हरणं वाढली, इतकी वाढली की ओकची रोपं गुडघ्याएवढी व्हायच्या आत चट्टामट्टा, आता सरकारी जंगलात कितीतरी ठिकाणी झाडं तोडल्यावर आठ फुटी कुंपण घालावं लागतं तेव्हा कुठे नवीन जंगल उगवतं. म्हणून आज मादीसाठी वेगळं लायसन्स देतात, आणि माझ्या मते खरी कामाची शिकार तीच. फोटो शिंगांचे निघतात, पण पुढच्या वर्षी जंगलात किती तोंडं खाणारेत ते माद्यांवरच ठरतं.

आता लेट सीझन म्हणजे काय. इथे मोठा रायफल सीझन नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर सुरू होतो, जंगलात नुसती नारिंगी जॅकेटं दिसतात, ऑफिसातली अर्धी माणसं सुट्टीवर, गावाकडच्या बऱ्याच शाळा तर सणानंतरच्या सोमवारी बंदच असतात. तो दोनेक आठवड्यांत संपतो. आणि मग ख्रिसमस झाला की दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, फ्लिंटलॉकचा, म्हणजे चकमकीच्या बंदुकीचा, सीझन उघडतो तो जानेवारीत जातो. १९७४ पासूनची पद्धत आहे ही. यात काडतुसाची रायफल चालत नाही, टोपीवाली ठासणीची पण चालत नाही, चकमकच लागते. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, कापडाच्या चकतीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी गजाने ठासायची, बाजूच्या छोट्या पळीत चिमूटभर बारीक दारू घालायची, चाप ओढला की चकमक पोलादावर घासून ठिणगी पडते, ती पळीतली दारू पेटवते, त्याचा जाळ बारीक भोकातून नळीत शिरतो आणि मग बार होतो. हे सगळं एका झटक्यात होतं खरं पण मध्ये एक फट राहते, फुस्स आणि धडाम यांच्यामधली, आणि तेवढ्यात हात हलला की गोळी गेली भलतीकडे. शिवाय दारू ओलावा ओढून घेते, धुकं असलं बर्फ असलं की पळीतली दारू चिखल होते, मग नुसताच पळीत भपका आणि हरीण तुमच्याकडे बघतंय.

मला कुणी विचारतं की चांगली रायफल असताना हे कशाला. खरं सांगू का, मला डिसेंबरअखेरचं जंगल आवडतं, गर्दी गेलेली असते. आणि दुसरं म्हणजे तेव्हा हरणाच्या डोक्यात एकच विषय असतो, पोट. नोव्हेंबरच्या मध्यावर माजाचा काळ असतो, तेव्हा नर वेड्यासारखे फिरतात, कुठूनही कुठेही जातात, त्यात नशिबाचा भाग फार. जानेवारीत तसं नाही. नर तोवर वजनाचा चौथा-पाचवा हिस्सा घालवून बसलेले, माद्यांच्या पोटात पुढची पिल्लं, हिवाळ्यात शरीराचा खर्चच कमी केलेला असतो, फिरणं कमी, खाणंही कमी, पण जे खायचं ते झोपायच्या जागेजवळ आणि कमी पायपिटीत मिळालं पाहिजे. त्यामुळे शेवटच्या सीझनला शिंग घासून वाजवणं, आवाज काढणं, वासाच्या बाटल्या, दुकानातला तो सगळा पसारा बाजूला ठेवायचा आणि एवढंच शोधायचं की आज हे जेवतंय कुठे. आमची ट्रिप जमली ती याच्यावरच.

आम्ही म्हणजे मी आणि आमच्या शेजारचे आजोबा, सत्तरी ओलांडलेली, चकमकीची बंदूक त्यांनीच मला शिकवली, नवरा या भानगडीत पडत नाही, तो फक्त खातो. गेलो होतो हंटिंगडन काउंटीत, रॉथरॉक स्टेट फॉरेस्टच्या बाजूला. तिकडे डोंगर लांबच लांब समांतर धावतात, एक रांग, मग दरी, मग परत रांग, आपल्याकडच्या सह्याद्रीसारखे उभे कडे नाहीत पण चढण दमवते. आदल्या रात्री हलका बर्फ पडलेला आणि दुसऱ्या दिवशी मोठं वादळ येणार असा अंदाज होता, आजोबांच्या मते याच्यापेक्षा चांगला दिवस मिळत नाही, कारण वादळ यायच्या आधी हरणं उजेडीच खायला बाहेर पडतात.

सकाळी बंदुका नुसत्या खांद्यावर, आम्ही ठसेच बघत फिरलो. उत्तरेकडच्या उतारावर काहीच नाही, कोरा बर्फ. दक्षिणेच्या उतारावर मात्र, जिथे हिवाळ्याचं तिरकं ऊन थेट पडतं, तिथे माउंटन लॉरेलच्या झुडपांत बर्फ वितळून लंबगोल खळगे पडलेले, म्हणजे रात्री हरणं तिथे बसलेली, खळग्यांचे आकार लहानमोठे म्हणजे आया आणि पिल्लं. तिथून पायवाट उतरत होती खाली एका सपाटीवर आणि त्या सपाटीवर सगळा पाचोळा उकरलेला, बर्फात काळे काळे डाग. आजोबांनी वाकून एकोर्नचं, म्हणजे ओकच्या फळाचं, टरफल उचललं आणि म्हणाले रेड ओक. हे मला फार आवडतं त्यांचं. व्हाइट ओकची फळं गोड असतात, ती पडल्या पडल्या खाल्ली जातात आणि उरली तर त्याच पानगळीत रुजून जातात. रेड ओकची तुरट, टॅनिन जास्त, ती हरणं मागे ठेवतात, आणि ती वसंतापर्यंत रुजत नाहीत म्हणून बर्फाखाली शाबूत राहतात. जानेवारीत जेवणाचं ताट तिथेच.

मग आम्ही तिथून सरळ निघून आलो. गाडीत बसून सँडविच खाल्लं, थर्मासमधला चहा प्यायलो, तास न् तास काहीच नाही केलं, नवशिक्याला हे जमत नाही, त्याला ताबडतोब तिथे जाऊन बसायचं असतं. पण ऊन असताना उतारावरची हवा गरम होऊन वर चढते, तेव्हा खालून गेलो असतो तर आमचा वास थेट झुडपातल्या नाकांपर्यंत. ऊन उतरलं की हवा थंड होऊन खाली वाहायला लागते. म्हणून दुपारी ओढ्याच्या काठाने लांबचा वळसा घालून सपाटीच्या खालच्या अंगाला आलो आणि एका पडलेल्या हेमलॉकच्या बुंध्याआड बसलो, आजोबा माझ्यापासून लांब दुसऱ्या वाटेवर. नारिंगी जॅकेट दोघांनाही, नियम काय म्हणतो ते सोडा, आमचा आपला नियम आहे.

थंडीबद्दल काय सांगू, पायाची बोटं आहेत की नाहीत कळत नव्हतं. पळीवर चामड्याची टोपी घातलेली, दारू कोरडी राहावी म्हणून, तरी मी मध्येच पळीतली दारू फुंकून टाकून ताजी घातली आणि सुईने भोक साफ केलं. ते करून मान वर केली तर पहिली मादी सपाटीच्या वरच्या कडेला उभी. म्हातारी, लांब तोंडाची, या बायका पुढे असतात आणि त्यांचं नाक म्हणजे पोलीस चौकी. ती धोक्याचा इशारा म्हणून पाय आपटते का बघत मी श्वास धरून बसले, ती काही आपटली नाही, खाली मान घालून उकरायला लागली. तिच्यामागे दोन पिल्लं, गेल्या उन्हाळ्यातली, आणि मग अजून एक मोठी मादी, धष्टपुष्ट. ती आडवी होईपर्यंत थांबले, चाळीसेक यार्ड असेल, याच्यापेक्षा लांब मी या बंदुकीने मारतच नाही. टोपी काढली, घोडा चढवताना चाप थोडा दाबून धरला म्हणजे टक् आवाज होत नाही, पुढच्या पायामागे नेम धरला, चाप ओढला, आणि भपका झाला तरी डोळा नेमावरून काढला नाही, हेच ते मुख्य. धूर इतका की पुढचं काही दिसेना. धूर सरला तेव्हा सपाटी रिकामी.

आधी बंदूक परत ठासली. मग अर्धा तास तसंच बसून राहायचं, कितीही घाई वाटली तरी, कारण जखमी जनावराच्या मागे लगेच गेलं की ते मैलभर पळतं आणि हालहाल होऊन मरतं. आजोबा आले, बर्फावर फेस असलेलं गुलाबीसर रक्त बघून म्हणाले फुप्फुस. उतारावर थोडंसं खाली पडलेली होती. जागच्या जागी टॅग भरून कानाला बांधला, नियमच आहे तो, हलवायच्या आधी, आणि दहा दिवसांत गेम कमिशनला कळवायचं. मग हातमोजे घालून पोट उघडलं. ते काम मी करते, आतडं आणि मूत्राशय न फोडता, आणि शेवटी पचनाची पिशवी बाजूला काढून तिला चीर दिली. आत एकोर्नचा पिवळट चुरा भरलेला आणि थोड्या कोवळ्या काड्या. सकाळी आजोबांनी टरफल उचलून जे म्हटलं होतं ते इथे समोर दिसत होतं, त्याचा आनंद मला नेमापेक्षा जास्त झाला, खोटं कशाला बोलू.

शंभर पौंडाच्या आसपास वजन, प्लॅस्टिकच्या घसरगाडीवर घालून दोघांनी अंधारात ओढत आणलं, ते वर्णन करत नाही, पाठ अजून आठवते.

आता एक महत्त्वाचं. या भागात हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आहे, पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा २०१२ मध्ये सापडला. प्रायॉनचा, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनाचा आजार, मेंदू पोखरतो, जनावर वाळत जातं, आणि शिजवून तो नष्ट होत नाही. माणसाला झाल्याची खात्रीची केस नाहीये, तरी बाधित जनावर खाऊ नका असं सीडीसी, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसंस्था, सांगते. म्हणून डोकं गेम कमिशनच्या डब्यात टाकायचं, तपासणी फुकट असते, मांस हाडावेगळं करायचं, पाठीचा कणा करवतीने कापायचा नाही, आणि रिपोर्ट येईपर्यंत फ्रीझरमध्येच ठेवायचं. काही लोक हसतात एवढं करताना बघून, हसू देत. आमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

कुणाला करायचंच असेल तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, लायसन्स दरवर्षी जुलैपासून नवं, आणि व्हिसावर असलेल्यांनी बंदुकीचे कायदे वकिलाला विचारूनच पुढचं पाऊल टाका, व्हॉट्सॲपवर विचारू नका. मांस जास्त झालं तर हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट म्हणून इथे १९९१ पासून कार्यक्रम आहे, ते खाटकाकडून कापून घेऊन फूड बँकांना देतात. आजोबांनी मागे मारलेलं तिकडेच गेलं.

आमचं आलं घरी. हरणाची चरबी पूर्ण काढायची हं, ती बोकडासारखी नसते, टाळूला मेणासारखी चिकटते आणि लोकांना जो उग्र वास वाटतो तो बराचसा तिचाच. पाठीची पट्टी फक्त मीठ-मिरी लावून कडक तव्यावर, आत गुलाबी राहिली पाहिजे, जास्त शिजली की चामडं. मांडीचा खिमा. आणि मान, जी इथले बरेच लोक टाकून देतात, ती मी मालवणी मसाला, भाजलेलं खोबरं आणि त्रिफळं घालून कुकरला लावली, मटणापेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ, वर दोन चमचे तेल जास्त कारण स्वतःची चरबी नाही. वडे केले सोबत. आजोबांनी डोळ्यातून पाणी काढत दोनदा वाढून घेतलं आणि पुढच्या वर्षीच्या त्यांच्या हरणाची मान आत्ताच माझ्या नावावर लिहून दिलीये.