४६ ची मोजणी

(दृश्य : मिरज जंक्शन. फाइल काखेत धरलेली माणसं रिक्षा ठरवताहेत.)

मिरजेत सतार घ्यायला येणारे थोडे; बाकी गर्दी दवाखान्यांची. १८९४ साली विल्यम वॉन्लेस यांनी इथं इस्पितळ काढलं. जत, अथणी, चिक्कोडीची माणसं आजही दुखणं हटेना की मिरज गाठतात.

आपला विषय एएमएल, म्हणजे अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, झपाट्यानं वाढणारा ब्लड कॅन्सर. ताप उतरत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, प्लेटलेट घसरतात. मग तपासणीसाठी कमरेच्या हाडातून बोन मॅरो, म्हणजे रक्त तयार करणारा हाडातला मगज, काढतात.

(दृश्य : हिरव्या टोपणाची ट्यूब, अगदी जवळून.)

या ट्यूबमध्ये हेपॅरिन असतं, सॅम्पल गोठू नये म्हणून. ती फ्रीझरमध्ये ठेवायची नाही, उन्हात तापू द्यायची नाही. पेशी जिवंत पोचायला हव्यात, कारण गुणसूत्रं सुटी दिसतात ती पेशी दुभंगत असतानाच. लॅबमध्ये त्या एक-दोन दिवस वाढवतात, ऐन विभाजनात औषधानं थांबवतात, पातळ द्रावणात फुगवतात आणि काचपट्टीवर थेंब सोडतात. गिम्सा रंगानं पट्टे उमटले की मोजणी सुरू. निरोगी पेशीत ४६, म्हणजे २३ जोड्या.

साधारण २० पेशी मोजतात. एखादं गुणसूत्र जादा आहे म्हणायला दोन पेशी पुरतात. कमी आहे म्हणायला तीन लागतात. स्लाइड करताना एखादं गुणसूत्र नुसतंच निसटू शकतं ना! हा नियम करणाऱ्यांनी स्वतः भरपूर स्लाइड केल्या असणार.

आता या मोजणीवर काय काय ठरतं ते पाहा. सात नंबरचं एक गुणसूत्र गायब, पाचाचा तुकडा गळालेला, किंवा सतराच्या आखूड बाजूचा टीपी५३ जीन गेलेला, तर आजार चिवट. मग केमोनं तो आटोक्यात आला की, तब्येत झेपणारी असेल तर, मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार होतो आणि भावंडांचं रक्त तपासलं जातं. सख्ख्या भावाशी किंवा बहिणीशी पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के. आठ नंबर एकट्यानंच जादा असेल, तर धोका मधला धरतात. उलट पंधरा आणि सतरा नंबरच्या तुकड्यांची अदलाबदल असेल, तर मोजणी ४६ च भरते. आणि तो प्रकार वेळेत ओळखला, तर बहुतेक जण बरे होतात.

(दृश्य : संगणकावर गुणसूत्रांच्या जोड्या.)

रिपोर्टवर ‘नॉर्मल’ वाचून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. पण प्रौढांमध्ये निम्म्याच्या आसपास रुग्णांचा कॅरिओटाइप, म्हणजे ही गुणसूत्रांची मोजणी-तपासणी, नॉर्मलच येतो, आजार असूनही. डीएनएच्या पाच-दहा दशलक्ष अक्षरांहून लहान तुकडा गळाला, तर सूक्ष्मदर्शकाला पत्ता लागत नाही. तिथं मायक्रोअ‍ॅरे लागतो, म्हणजे थेट डीएनए तपासून बारीक बदल शोधणारी चाचणी. सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या बिघाडांतला एक प्रकार तर अस्सल सातबाऱ्यासारखा : हिस्से दोनच, पण आईकडचा हिस्सा पुसून दोन्हींवर बापाकडचंच नाव, किंवा उलट. तेरा नंबरवरच्या एफएलटी३ जीनचं असं होतं. चांगली प्रत जाते, बिघडलेली दोनदा उरते, आणि मोजणी बिनचूक!

एक प्रश्न ओपीडीत हमखास येतो, बहुधा दार लावून : “आमच्या पोरीलाही होईल का हो?” लग्नाची बोलणी चालू असतात. मोजक्या घराण्यांत आनुवंशिक कल असतो, म्हणून डॉक्टर घरचा इतिहास विचारतात. बहुतेकांत मात्र हा बदल जन्मानंतर, मॅरोतल्या एका पेशीत घडलेला असतो. लेकरांकडे तो जात नाही.

(दृश्य : नर्स ट्यूबवर लेबल लावते आहे.)

मॅरो काढायच्या दिवशीच विचारून घ्या : कॅरिओटाइपचं सॅम्पल गेलं का? केमो सुरू झाली की मोजण्याजोग्या पेशी झपाट्यानं कमी होतात. पेशी दुभंगल्याच नाहीत, तर ‘फिश’ तपासणी आहे. तिला जिवंत पेशी लागत नाहीत. चमकणारे ठिपके मोजायचे, बहुधा २०० पेशींत. पण जिथं ठिपका लावला तेवढंच ती सांगते. सातसाठी लावला, तर सतराचं काही कळत नाही.