गावच्या कागदांचा मजकूर करताना

(कोकणातल्या एका वाचनालयात ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थिनीने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मनीऑर्डरच्या फॉर्मला एक कुपन जोडलेलं असायचं. मुंबईत गिरणीत कामाला असलेला चाकरमानी पैशांबरोबर त्या कुपनावर दोन ओळी लिहायचा, नाहीतर खोलीतल्या एखाद्या लिहित्या माणसाकडून लिहून घ्यायचा. गावात पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, कुपन हातात ठेवायचा आणि कितीतरी घरांत तोच ते वाचूनही दाखवायचा. नवऱ्याने बायकोला कळवायचे शब्द असे दोन परक्या माणसांच्या तोंडून जायचे. मग जे खरं सांगायचं असे, ते कागदावर उतरतच नसे. साक्षरतेने कोकणात काय बदललं असं कुणी विचारलं, तर मी पहिल्यांदा हे सांगेन की हा मधला माणूस गेला.

वाचन, तंत्रज्ञान आणि समाजबदल असा मोठा विषय मला दिला आहे. माझी कसोटी साधी आहे. नवं तंत्र आलं की विचारायचं, वाचण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणारी माणसं त्याने कमी झाली की वाढली?

आपल्या जिल्ह्यांना या बाबतीत मोठा वारसा आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केलं, तेही मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारीशेजारी छापून. पण छापखाना आला म्हणून छापलेला शब्द सगळ्यांचा झाला नाही. महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि ३ एप्रिलला, अवघ्या दोन आठवड्यांत, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. आपली बाजू दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात कधी छापून येते याची वाट त्यांनी बघितली नाही. पाणी आणि पत्र यांत जेमतेम पंधरवड्याचं अंतर आहे, आणि वाचनाचा समाजबदलाशी काय संबंध, याचं याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

आता आजचं बघू. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची जुनी स्मरणिका कुणाच्या तरी ट्रंकेत सापडते. तिचे फोटो निघतात, गावच्या ग्रुपवर पडतात, लोक हात जोडतात, आणि चार दिवसांत ते खाली जातात. ती स्मरणिका वाचली किती जणांनी? ज्याला दिसत नाही त्याच्या फोनमधला टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, बहुतेक वेळा एवढंच सांगतो की हा फोटो आहे. म्हातारीला अक्षर मोठं करायचं असतं, पण बोटांनी ताणलं की ते पुसट होतं. ठाण्यात वाढलेल्या नातवंडाला मराठी समजतं, वाचताना अडखळतं; त्याने ऐकलं असतं, पण फोटो ऐकता येत नाही. आपल्या वाडीचं नाव शोधावं तर सापडत नाही. या सगळ्यांना पुन्हा एक पोस्टमन लागतो. म्हणून फोटोवर थांबायचं नाही, त्याचा मजकूर करायचा. ते कसं, हे आता सविस्तर सांगते.

आधी कागद. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते, आणि ६५-७० टक्क्यांच्या पुढे बुरशीला पोषक हवा मिळते. त्यामुळे पावसात हे काम काढू नका; ऑक्टोबर ते मे हा आपला हंगाम. पुस्तक दमट असेल तर उन्हात टाकायचं नाही, कारण ऊन एका बाजूने ओढतं आणि पानं वाकडी होतात. पंख्याखाली उभं करून, दर वीस-पंचवीस पानांत कोरा कागद घालून वाळवा. बुरशी पूर्ण सुकल्यावरच मऊ ब्रशने, अंगणात, तोंडाला मास्क लावून झटका. ओली असताना पुसली तर ती कागदात मुरते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि खालचा कप्पा जमिनीला टेकू देऊ नका.

खाऱ्या हवेचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे स्टेपल. स्मरणिका मधोमध दोन पिनांनी शिवलेली असते. त्या पिना गंजतात, गंज कागदाला खातो आणि मधली पानं सुटतात. पिन ओढून काढायची नाही. आतल्या बाजूला, मधल्या पानांवर, तिचे दोन पाय चपट्या सुरीने सरळ करायचे आणि मग बाहेरून उचलायची. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. तिचा चिकट भाग काही वर्षांत पिवळा पडून अक्षरांवर उतरतो. लॅमिनेशन तर अजिबात नको, ते परत काढता येत नाही.

फोटोला महागडं यंत्र लागत नाही. मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला इंचाला साधारण ३०० ठिपके लागतात. बारा मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा असतो. ए-फोर पानाची लांबी ११.७ इंच, म्हणजे एका पानाला इंचामागे ३४० च्या आसपास ठिपके मिळतात, काम झालं. पण तीच ए-फोर स्मरणिका उघडून दोन्ही पानं एका फोटोत घेतली, तर हाच आकडा २४२ वर येतो आणि अनुस्वार गळायला लागतात. डेमी, म्हणजे ए-फोरच्या जवळजवळ निम्म्या, आकाराच्या पुस्तकाची दोन पानं एकत्र चालतात, ए-फोरची चालत नाहीत. आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात, तर लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते, म्हणजे ए-फोरला इंचामागे १३७. माणसाला ते वाचता येतं, यंत्राला नाही. पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

फोन हातात धरू नका, स्टँडवर खाली तोंड करून पक्का बांधा. दोन दिवे दोन्ही बाजूंनी, ४५ अंशांतून, फ्लॅश बंद. पातळ कागदावर मागच्या पानाची अक्षरं उमटतात, म्हणून पानाखाली काळा पुठ्ठा सरकवा. जुनं पुस्तक पूर्ण उलगडून सपाट दाबू नका, शिवण तुटते. ते काटकोनाएवढंच उघडेल असा आधार द्या आणि आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी पानं टिपा. कोरं पानही टिपा, नाहीतर पुढे पान गहाळ आहे की कोरं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. मलपृष्ठ आणि जाहिरातीही सोडू नका. गावातल्या जुन्या दुकानांचा, लाँच सेवेचा, खाणावळींचा इतिहास बहुतेक वेळा जाहिरातींतच असतो.

मग येतं ओसीआर, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखणं. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखतं. भाषा निवडताना मराठीच निवडा. हिंदीवर ठेवलं तर ळ हुकण्याचा धोका वाढतो. नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत. शिरोरेघ तुटली की ‘ख’चा ‘रव’ होतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व यांची अदलाबदल होते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत यंत्र गोंधळतं, आणि किनाऱ्यावरच्या मजकुरात हा गोंधळ परवडणारा नाही.

‘९८ टक्के अचूक’ हा आकडा ऐकून भुलू नका. डेमीच्या एका पानावर १८०० अक्षरं धरली, तर दोन टक्के म्हणजे पानाला ३६ चुका. एवढ्या चुका असलेला मजकूर टॉकबॅककडून ऐकवत नाही. मुद्रितशोधनाला पर्याय नाही, आणि त्याची उत्तम पद्धत जुन्या छापखान्यांचीच आहे: एकाने मूळ पान मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. दहावी-बारावीची मुलं आणि निवृत्त शिक्षक अशा जोड्या लावा. वाचणारं मूल असावं, बघणारे गुरुजी असावेत. मुलाचं वाचन सुधारतं आणि गुरुजींच्या नजरेतून चूक सुटत नाही.

इथे एक पथ्य कडक पाळायचं. मूळ सुधारायचं नाही. आजचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ सालचे आहेत. त्याआधीच्या छपाईत ‘घरीं’, ‘तें’, ‘करणें’ असे अनुच्चारित अनुस्वार असतात. ते चुका नाहीत, तसेच ठेवा. तोच न्याय मालवणीला. गाऱ्हाण्याची, म्हणजे देवापुढे घालायच्या मागण्याची, वही असेल, तर ‘बा देवा म्हाराजा’मधला ‘म्हाराजा’ यंत्र ‘महाराजा’ करू बघेल, ‘माका’चं ‘मला’ करू बघेल. ऑटोकरेक्ट बंद करूनच बसा. प्रमाण मराठीवर शिकलेल्या यंत्राला आपली बोली चूक वाटते, आणि आपण मान डोलावली तर पुढच्या यंत्रालाही तेच शिकवलं जातं. मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त काळजी याची वाटते.

ज्यांच्याकडे डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी संगणकावर केलेल्या मांडणीच्या, जुन्या फाइली आहेत त्यांच्यासाठी थोडं. त्या काळच्या फाँटांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत; फाँट गेला की उरते ती इंग्रजी अक्षरांची खिचडी. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःची जागा देणाऱ्या आजच्या पद्धतीत, बदलणारी साधनं मिळतात. पण जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर, तर युनिकोडमध्ये दोन्ही उलट. म्हणून रूपांतरानंतर वेलांट्या आणि रफार तेवढे स्वतंत्र तपासा, बहुतेक बिघाड तिथेच सापडेल. ‘ॲ’ दोन प्रकारे टंकता येतो, एक सुटं अक्षर म्हणून आणि दुसरा ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला सारखे, पण शोधताना एक टाकला की दुसरा सापडत नाही. पूर्ण मजकुरात एकच प्रकार ठेवा.

मजकूर झाला की तो वाचायचाही असतो. वर्गणीदारांची यादी घ्या. तीत कोणत्या वाड्या आहेत यापेक्षा कोणती वाडी नाही हे बघा. बायकांची नावं स्वतःच्या नावाने आहेत की नुसती ‘सौ.’ लावून नवऱ्याच्या, हे बघा. दर पाच-दहा वर्षांच्या स्मरणिका शेजारी ठेवल्या की समाज कुठे हलला आणि कुठे अडून बसला हे कळतं. जुन्या मजकुरात कुणाला कमी लेखणारे शब्द आले तर ते पुसू नका, खाली टीप द्या. पण जिवंत माणसांचे पत्ते, फोन नंबर, जमिनीचे वाद हे जाहीर प्रतीतून वगळा.

हक्कांचंही पाहायला हवं. लेखक वारल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. मालगुंडचे केशवसुत १९०५ मध्ये गेले, पालगडचे साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांचं लेखन आता कुणीही प्रसिद्ध करू शकतो. स्मरणिकेतला प्रत्येक लेख मात्र त्या त्या लेखकाचा असतो, मंडळाचा नव्हे, म्हणून लेखक किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या. निनावी लेखाला प्रकाशनापासून ६० वर्षं मोजतात.

शेवटी साठवण. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर विसरू नका. भिजलेल्या कागदावर ४८ तासांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळवणं शक्य नसेल तर पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गोठवा. बंदरावरच्या मासळीच्या शीतगृहातही हे होऊ शकतं, विचारून ठेवा. चकचकीत आर्टपेपर मिटलेला वाळला तर पानांची वीट होते, त्याला आधी गोठवा. आणि फाइलींच्या तीन प्रती करा: एक वाचनालयाच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी जिल्ह्याबाहेर, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडे. गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा ती डिस्क मागवून घ्या, दोन-चार फाइली उघडून बघा आणि वर्षभरातलं नवं काम तीत भरून परत पाठवा.