समुद्रातून वर, समुद्रात परत

हा जो कडा समोर दिसतोय, खाली काळा, मध्ये विटकरी, वर राखेचा करडा थर आणि अगदी टोकावर साखर सांडल्यासारखी पांढरी घरं, हे सँटोरिनी. रील्समध्ये शंभरदा बघितलं असेल तुम्ही. पण खालचं ते निळं पाणी बघा, बंदर वाटतं, प्रत्यक्षात ते ज्वालामुखीचं पोट आहे. साधारण इ.स.पू. १६०० च्या सुमारास हा ज्वालामुखी असा काही फुटला की बेटाचा मधला भागच आत ढासळला आणि समुद्र त्यात शिरला. त्यामुळे इथे बोटीत बसलात की थोड्या वेळात कोणीतरी म्हणतंच, हेच ते बुडालेलं अटलांटिस.

असेल, नसेल. त्या वादात आत्ता पडायचं नाहीये. गंमत अशी आहे की जुने ग्रीक या बेटाबद्दल स्वतः जी गोष्ट सांगायचे, त्यात बेट बुडत नाही, जन्माला येतं.

गोष्ट अशी. ग्रीक वीर जेसन आणि त्याची गँग सोनेरी लोकर मिळवून घरी परत निघालीये, वाट चुकून लिबियात अडकलीये, तिथे ट्रायटन नावाचा समुद्रदेव भेटतो, समुद्राचा मुख्य देव पोसायडन याचा मुलगा. तो त्यांच्यातल्या युफेमसला पाहुणचार म्हणून काय देतो, तर मातीचं ढेकूळ. सोनं नाही, शस्त्र नाही, ढेकूळ. युफेमस ते जपून ठेवतो. मग एका रात्री त्याला स्वप्न पडतं की ढेकूळ छातीशी धरलंय, त्याच्यावर दुधाचे थेंब पडतायत आणि बघता बघता त्याची एक बाई होते आणि म्हणते, मी ट्रायटनची लेक, तुझ्या पोराबाळांना मीच सांभाळणार आहे, मला समुद्रात सोड. तो उठतो, जेसनला सांगतो, जेसनला अर्थ लागतो, ढेकूळ पाण्यात जातं आणि तिथून बेट वर येतं. नाव कॅलिस्टी, म्हणजे सगळ्यात सुंदर. पुढे त्याच बेटाला थेरा म्हणायला लागले आणि आज आपण सँटोरिनी म्हणतो.

ही गोष्ट इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या अपोलोनिअस या कवीने अशी सांगितलीये. त्याच्या आधीचा पिंडार, इ.स.पू. ४६२ च्या एका कवितेत, जरा वेगळं सांगतो. त्याच्याकडे ढेकूळ कोणी मुद्दाम टाकत नाही, सांभाळायला सांगितलेले नोकर विसरतात आणि लाटेबरोबर ते जहाजावरून वाहून जातं. मला खरं तर हे व्हर्जन जास्त आवडतं, एवढं मोठं बेट कोणाच्या तरी हलगर्जीपणातून!

आता तुम्ही म्हणाल ठीक आहे, कवी लोक काहीही लिहितात. पण इ.स.पू. १९७ च्या आसपास याच पाण्यात, थेरा आणि शेजारचं थेरासिया यांच्या मधोमध, चार दिवस समुद्रातून ज्वाळा येत होत्या आणि हळूहळू एक नवीन बेट वर आलं. स्ट्रॅबो या प्राचीन भूगोलकाराने लिहून ठेवलंय, बेटाचा घेर १२ स्टेडिया, म्हणजे दोन किलोमीटरच्या वर. उद्रेक थांबल्यावर तिथे जायची पहिली हिंमत कोणी केली तर ऱ्होड्स बेटावरच्या खलाशांनी, आणि जाऊन त्यांनी काय केलं तर पोसायडनचं देऊळ बांधलं. त्यातही कुठला पोसायडन, तर 'आस्फालिओस', पाय घट्ट ठेवणारा, स्थिर करणारा. भूकंप करणारा देवही हाच. म्हणजे ज्याच्यामुळे जमीन हलते त्यालाच सांगायचं, बाबा रे, आता हिला हलवू नकोस.

ऱ्होड्सचेच लोक पहिले गेले हेही बघण्यासारखं आहे, कारण त्यांच्या स्वतःच्या बेटाची जन्मकथा हीच. पुन्हा पिंडार, इ.स.पू. ४६४, डायागोरस नावाचा ऱ्होड्सचा बॉक्सर ऑलिम्पिया जिंकतो, त्याच्यासाठी लिहिलेली कविता. देव पृथ्वीची वाटणी करतायत, चिठ्ठ्या टाकून. सूर्यदेव हेलिऑस त्या वेळी हजर नाही, आता सूर्याला दिवसभर ड्युटी, तो कुठून येणार, आणि त्याच्या नावाची चिठ्ठी टाकायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. नंतर आठवण होते. देवांचा राजा झ्यूस म्हणतो परत चिठ्ठ्या टाकू. हेलिऑस म्हणतो, नको, मला समुद्राच्या तळाशी एक जमीन वाढताना दिसतीये, ती वर आली की माझी, एवढं वचन द्या. वचन मिळतं, बेट खाऱ्या पाण्यातून वर येतं, पुढे त्याला तिथे सात मुलगे होतात आणि नातवंडं बेटाचे तीन वाटे करून आपापल्या नावाची शहरं वसवतात.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला इथे काहीतरी ओळखीचं वाटलं असेल. परशुरामाने सगळी पृथ्वी कश्यपाला दान देऊन टाकली, मग स्वतःला राहायला जागा उरली नाही, म्हणून बाण मारून समुद्राला मागे हटवलं आणि कोकण वर आलं. बाण पडला ती बाणावली. वाटणी झाली, एकाला जागा उरली नाही, त्याची सोय समुद्रातून. लगेच कोणी कोणाकडून ढापलं यात मला पडायचं नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला रोज भरती ओहोटीत जमीन येताना जाताना दिसते, त्याला आपल्या गावाबद्दल असा प्रश्न पडणारच, की ही जमीन आमच्या वाट्याला आली कशी.

आता हे सगळं डोक्यात ठेवून अटलांटिसकडे या. कारण आपण अटलांटिस नेहमी शेवटाकडून वाचतो. बुडालं, कुठे बुडालं, कधी बुडालं, पाणबुडी पाठवा, सोनार लावा. ही गोष्ट लिहिणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने मात्र ते सुरुवातीपासून लिहिलंय, आणि सुरुवात काय आहे? देवांनी पृथ्वी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतली. तेच! ऱ्होड्सच्या गोष्टीचं पहिलं वाक्य. या वाटणीत पोसायडनला अटलांटिस मिळतं. तिथे एका टेकडीवर एव्हेनॉर नावाचा माणूस राहतो, हा कोणाचा मुलगा नाही, थेट जमिनीतून जन्मलेल्या पहिल्या लोकांपैकी. त्याची बायको ल्युकिपी, एकुलती एक मुलगी क्लीटो. आईवडील वारतात, पोसायडन क्लीटोच्या प्रेमात पडतो आणि तिची टेकडी सुरक्षित करायला भोवती गोल गोल कडी कोरतो, दोन जमिनीची, तीन पाण्याची. आणि मग प्लेटो सहज म्हणून जातो की तेव्हा जहाजं नव्हती आणि समुद्रप्रवासही नव्हता.

या ओळीवर जरा थांबा. जहाजं शोधली जायच्या आधीचा काळ, जमिनीतून उगवलेला माणूस, देव हाताने भूगोल घडवतोय, एक गरम आणि एक थंड पाण्याचा झरा जमिनीखालून वर काढतोय, आणि मग पाच वेळा जुळे, म्हणजे दहा मुलगे, त्यातला थोरला अ‍ॅटलास, ज्याच्या नावाने बेट आणि समुद्र. ही कुठल्या हरवलेल्या शहराची बातमी वाटते का? जग कसं सुरू झालं याची गोष्ट अशीच सुरू होते.

मापं पण बघा ना. मधलं बेट ५ स्टेडिया, मग पाणी १, जमीन २, पाणी २, जमीन ३, पाणी ३. शहराबाहेरचं मैदान ३००० बाय २००० स्टेडिया, म्हणजे लांबी साधारण साडेपाचशे किलोमीटर, मुंबईहून गोव्याला जाल एवढी, आणि त्याच्या चारी बाजूंनी १०,००० स्टेडियाचा कालवा. बेरीज करून बघा, तंतोतंत येते. खरा भूगोल असा कधीच नसतो, खऱ्या किनाऱ्याला खाड्या असतात, चिखल असतो. हे गणिताच्या वहीतलं बेट आहे.

आणि ही गोष्ट कुठे सांगितलीये ते कोणी फारसं सांगत नाही. प्लेटोचे दोन संवाद, 'टिमेअस' आणि 'क्रिटिअस', नावं त्यात बोलणाऱ्या माणसांचीच, साधारण इ.स.पू. ३६० च्या सुमाराचे. यातला 'टिमेअस' हा विश्व कसं निर्माण झालं याबद्दलचाच ग्रंथ आहे! आधी क्रिटिअस अटलांटिसची थोडक्यात ओळख करून देतो, मग टिमेअस विश्वनिर्मिती सांगतो, आणि मग दुसऱ्या संवादात क्रिटिअस अटलांटिस सविस्तर सांगायला घेतो. म्हणजे दोन्हीकडे अटलांटिस आणि मध्ये सृष्टीची उत्पत्ती. त्या मधल्या भागात विश्वकर्मा म्हणावा असा एक कारागीर आहे, तो विश्वाला गोल आकार देतो, आणि तिथे प्लेटो जे क्रियापद वापरतो ते लेथवर लाकूड कातायचं, सावंतवाडीची खेळणी कातून काढतात ना, तसं. आणि पोसायडन टेकडीभोवती कडी कोरतो तिथे कुठलं क्रियापद? तेच. चुकून? प्लेटोच्या बाबतीत मला तरी चुकून वाटत नाही.

गोष्ट इजिप्तहून आली ती पण अशाच गप्पांमधून. अथेन्सचा कायदे करणारा शहाणा पुढारी सॉलोन इजिप्तमध्ये साईस गावी जातो, तिथल्या पुजाऱ्यांसमोर शायनिंग मारायला आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या गोष्टी काढतो, पहिला माणूस फोरोनेउस, मग जलप्रलयातून वाचलेले ड्युकेलिऑन आणि पिऱ्हा, हेच ते ज्यांनी पाठीमागे दगड टाकले आणि दगडांची माणसं झाली. एक म्हातारा पुजारी त्याला म्हणतो, सॉलोन, सॉलोन, तुम्ही ग्रीक कायम पोरंच राहणार. तुम्हाला एकच प्रलय आठवतो, असे किती झालेत, आगीने झालेत, पाण्याने झालेत, आणि दर वेळी तुमच्याकडे लिहिता येणारे सगळे मरतात आणि तुम्ही परत अ आ इ ई पासून सुरू करता. आणि मग तो जुन्या अथेन्सची आणि अटलांटिसची गोष्ट काढतो. म्हणजे विषयच निघाला तो माणसाच्या सुरुवातीवरून.

त्या पुजाऱ्याच्या म्हणण्यानुसार अथेन्सची माणसंही मातीचीच. अथीना देवीने पृथ्वी आणि लोहारकामाचा देव हेफेस्टस यांच्याकडून बीज घेतलं आणि त्यातून अथेन्सचे लोक झाले. अथेन्सवाले एरवीही हे फार मिरवायचे की आम्ही कुठून आलो नाही, आम्ही इथल्याच जमिनीतून उगवलो. आणि हे अथेन्स कोणाला मिळावं यावरून अथीना आणि पोसायडन यांचं भांडण झालं होतं ही गोष्ट तर पार्थेनॉनच्या पश्चिमेकडच्या दर्शनी भागावरच कोरलेली होती, तिने ऑलिव्हचं झाड दिलं, त्याने खडकावर त्रिशूळ मारून खारं पाणी काढलं, आणि तो हरला. प्लेटो मात्र साळसूदपणे म्हणतो की देवांनी भांडण न करता वाटणी केली. मग अथीनेला एक शहर आणि समुद्राच्या देवाला एक बेट. आणि शेवटी त्या शहराचं आणि त्या बेटाचं युद्ध.

यात राजकारण आहेच, ते नाकारायचं कारण नाही. आरमाराच्या जोरावर माजलेलं आणि आपटलेलं साम्राज्य म्हणजे प्लेटोच्या लहानपणीचं अथेन्सच, आणि प्लेटोच्या या संवादांत जो हर्मोक्रेटिस बसलाय तो बहुतेक अभ्यासकांच्या मते सिसिलीत अथेन्सच्या आरमाराला धूळ चारणारा तोच सिराक्यूसचा सेनापती. पण फक्त टोमणा मारायचा असता तर त्याला क्लीटोची टेकडी, दोन झरे आणि पाच जुळी कशाला लागली असती?

बुडणं त्याला शोधायला लांब जावंच लागलं नसणार. इ.स.पू. ३७३ च्या हिवाळ्यात, प्लेटो पन्नाशी ओलांडलेला, पेलोपोनीसच्या उत्तर किनाऱ्यावरचं हेलिकी नावाचं शहर एका रात्रीत गेलं. आधी भूकंप, मग समुद्र आत. आणि हेलिकी कशासाठी प्रसिद्ध, तर पोसायडनच्या देवळासाठी! दीडशे वर्षांनी एराटोस्थेनिस नावाचा ग्रीक विद्वान तिथे गेला तेव्हा होडीवाले त्याला सांगत होते की देवाचा ब्राँझचा पुतळा पाण्यात अजून उभा आहे आणि आमची जाळी त्याच्यात अडकतात. २००१ साली या शहराचे अवशेष सापडले, आणि तेही समुद्रात नाही तर किनाऱ्याजवळच्या शेतांखाली, गाळात. इतकी वर्षं लोक पाण्यात शोधत होते.

आता 'टिमेअस' मधलं ते प्रसिद्ध वाक्य. एका भयानक दिवस-रात्रीत अटलांटिस समुद्रात गडप झालं, एवढंच आपण ऐकलेलं असतं. पण त्याच वाक्याचा पहिला अर्धा भाग असा आहे की अथेन्सचं सगळं सैन्य जमिनीने गिळलं. जिंकलेलं सैन्य! चांगल्या बाजूचं! डॉक्युमेंट्रीवाले हा भाग बहुतेक वेळा कापतात, कारण तो शिक्षेच्या गोष्टीत बसत नाही. जन्माच्या गोष्टीत मात्र अगदी चपखल बसतो. जे मातीतून आले ते मातीत गेले, ज्यांना समुद्राच्या देवाने घडवलं ते समुद्रात गेले. युफेमसच्या ढेकळाची फिल्म उलटी चालवली की हेच दिसेल.

राहिला शेवट. विश्वनिर्मितीच्या भागात तो कारागीर सगळ्या देवांना बोलावतो आणि भाषण करतो, की मर्त्य जीव अजून व्हायचे आहेत, ते तुम्ही घडवा. ते भाषण पूर्ण आहे, सविस्तर आहे. आणि 'क्रिटिअस' मध्ये, अटलांटिसच्या राजांमधला देवाचा अंश पिढ्यानपिढ्या पातळ होत गेल्यावर, त्यांना काय शिक्षा द्यायची यासाठी झ्यूस सगळ्या देवांना पुन्हा बोलावतो. जिथून सगळं विश्व दिसतं अशा आपल्या घरात. सगळे येतात. झ्यूस म्हणतो,

आणि प्लेटोची वही इथे संपते. वाक्य अर्धवट.